भांडी बाजारातले मेजरिंग कप, जग आणि काटा: अमेरिकी रेसिपीसाठी काय घ्यावं, काय घेऊ नये

नाशिकच्या भांडी बाजारात किंवा मेन रोडला मेजरिंग कप मागितले, की दुकानदार साधारण तीन वस्तू पुढ्यात ठेवतो: स्टीलच्या कप-चमच्यांचा संच, प्लॅस्टिकचा लिटरचा जग आणि काचेचा अर्ध्या लिटरचा जग. विचारलं तर पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक किचन काटाही निघतो. घरी केक-कुकीज करणाऱ्यांना आणि अमेरिकी रेसिपी वाचून मापं घेणाऱ्यांना यातलं काय खरंच उपयोगी आहे, ते इथे एकेक वस्तू हातात धरून सांगतो आहोत. निकाल आधीच सांगून टाकतो. 240 मिलीचा स्टीलचा संच आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एवढ्यावर घरचं काम भागतं. दूध-पाणी जास्त मोजावं लागत असेल तर काचेचा जग घ्या. प्लॅस्टिकचा जग, निदान दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पट्ट्या छापलेला, दुकानातच राहू द्या.

आधी कपाचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतला रेसिपीचा कप 236.6 मिलीचा. तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यासाठी मात्र कायद्याने 240 मिलीचा कप धरतात. ऑस्ट्रेलियात आणि मेट्रिक मापं वापरणाऱ्या बऱ्याच ठिकाणी कप 250 मिलीचा असतो, जपानात 200 चा, आणि राइस कुकरसोबत येतो तो छोटा कप 180 मिलीचा. या सगळ्यांवर नुसतं ‘1 कप’ लिहिलेलं चालतं. म्हणून संचाच्या खोक्यावर ‘स्टँडर्ड’ लिहिलंय का, हे बघण्यात अर्थ नाही. दांड्यावर मिलीचा आकडा कोरलाय का, एवढंच बघायचं. आकडाच नसेल तर तो संच कितीही जाड पत्र्याचा असो, घेऊ नका.

स्टीलचा संच

यात चार कप (एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव) आणि चार चमचे असतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या संचांवर आकडे असे असतात: 250, 125, 80, 60. दुकानात उभ्या उभ्या तोंडी हिशोब करा. 80 चे तीन म्हणजे 240. 60 चे चार म्हणजेही 240. मोठा कप मात्र 250. म्हणजे मोठे दोन कप एका पद्धतीचे आणि छोटे दोन दुसऱ्या पद्धतीचे, एकाच कडीत अडकवलेले. रेसिपीत ‘पाऊण कप’ आलं की अर्धा अधिक पाव म्हणजे 185 मिली होतात आणि पाव कप तीनदा भरला तर 180. पाच मिलीने केक बिघडत नाही, हे खरं. पण मोठा कप चारदा भरला, की अमेरिकी मापापेक्षा 54 मिली जास्त पडतात, आणि तेवढ्याने फरक पडतो.

दुसऱ्या प्रकारच्या संचावर 240, 120, 80, 60 असं असतं. हा जुळलेला संच. अमेरिकी कपापेक्षा तो दीड टक्क्याने मोठा आहे, पण घरच्या ओव्हनमधला आणि हाताच्या भरण्यातला फरक याहून कितीतरी मोठा असतो. शोधून हाच घ्या. भांडी बाजारातल्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानापेक्षा केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत तो सापडण्याची शक्यता जास्त. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडकडच्या अशा दुकानांत विचारून बघा.

कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष माप यांतही तफावत निघते, कारण स्वस्त संचात पत्रा दाबून कप काढताना खोली कमी-जास्त होते. दुकानातली चाचणी अशी: पाण्याची बाटली सोबत न्या. एक तृतीयांशचा कप तीनदा भरून मोठ्या कपात ओता. 240 चा संच असेल तर पाणी काठाला यायला हवं. 250 चा असेल तर काठ थोडा रिकामा राहील, आणि खरं तर तो राहायलाच हवा. काठोकाठ आलं, तर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी एक चुकीचा आहे.

घरी काट्यावर तपासताना एक गोष्ट सांभाळा. कप पाण्याने भरत गेलं, की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि सांडत नाही. साडेआठ सेंटिमीटर तोंडाच्या कपात हा फुगवटा दोन मिलिमीटरचा असला, तरी दहा मिलीच्या आसपास पाणी जास्त बसतं. बरोबर असलेला कपही मग मोठा वाटतो. काठ ओला न करता भरा आणि पाण्याची पातळी काठाशी सपाट झाली की थांबा. नाशिकच्या उन्हाळ्यात 30 अंशांचं पाणी घेतलं, तरी 240 मिली पाण्याचं वजन 239 ग्रॅम भरतं. त्यामुळे पाण्यापुरतं ग्रॅम आणि मिली एकच धरायला हरकत नाही. लांब दांड्याचा हलका कप रिकामा असताना कलंडतो, तेव्हा आधी एखादी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि कपातलं पाणी तिच्यात ओता.

बनावटीचं थोडक्यात: दांडा कपाला दोन ठिकाणी रिव्हेट केलेला किंवा एकसंध असावा. एकाच टाक्यावर वेल्ड केलेला दांडा गूळ किंवा घट्ट लोणी दाबून भरताना वाकतो. काठ बाहेर वळवलेला नसावा, कारण वळलेल्या काठावरून सुरी फिरवता येत नाही आणि सपाट माप मिळत नाही.

चमचे

चमच्यांत भांडण कमी आहे. अमेरिकी टेबलस्पून 14.8 मिली, टीस्पून 4.9. आपल्या संचांवर 15 आणि 5 असतं, ते चालवून घ्या. फक्त ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून 20 मिलीचा, त्यामुळे रेसिपी कुठली आहे ते आधी बघा. बेकिंग पावडर चमच्याऐवजी सव्वा चमचा पडली, तर केक आधी फुगतो आणि मग मधोमध खचतो.

एक चमचा पाणी एक ग्रॅमच्या काट्यावर नीट तपासता येत नाही. टीस्पून दहा वेळा भरून एकाच वाटीत ओता. 49 ते 50 ग्रॅम आलं तर चमचा बरोबर. 45 आलं तर दहा टक्के लहान आहे. पाव टीस्पूनची खात्री हवी असेल, तर सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमचा छोटा काटा लागतो. तसे बॅटरीवरचे काटे स्वस्तातही मिळतात, पण रोजच्या बेकिंगला त्यांची गरज नाही. पोह्याचा किंवा चहाचा घरातला चमचा मापाला वापरू नका. त्यांच्यात घराघरात फरक असतो.

चमचा शिगोशीग नको. भरा आणि सुरीच्या पाठीने सपाट करा. मीठ, सोडा आणि यीस्ट यांना हा नियम कडक लावा.

प्लॅस्टिकचा जग

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवणारा. एका बाजूला मिली, दुसऱ्या बाजूला ‘औंस’ आणि ‘कप’, कधी वर मैदा-साखरेचे ग्रॅमही छापलेले असतात. औंस दोन प्रकारचे आहेत आणि जगावर कुठला छापलाय ते बहुधा लिहिलेलं नसतं. अमेरिकी द्रव औंस 29.57 मिलीचा, ब्रिटिश 28.41 चा. ओळखण्याची सोपी खूण: एक लिटरच्या रेघेसमोर औंसांचा आकडा बघा. 34 च्या जरा खाली असेल तर जग अमेरिकी, 35 च्या जरा वर असेल तर ब्रिटिश. 8 औंसांच्या रेघेसमोरही कळतं: 237 मिली म्हणजे अमेरिकी, 227 म्हणजे ब्रिटिश. काही जगांवर 8 औंस अमेरिकी हिशोबाने 237 पाशी, आणि ‘1 कप’ मात्र 250 पाशी असतो. अमेरिकी मापात 8 औंस म्हणजेच एक कप. म्हणजे त्या जगाने स्वतःलाच खोटं पाडलेलं असतं.

दुसरी अडचण रुंदीची. दहा सेंटिमीटर व्यासाच्या जगात एक मिलिमीटर उंची म्हणजे जवळपास 8 मिली. रेघच दोन मिलिमीटर जाडीची असेल, तर रेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेत 16 मिलींचा, म्हणजे अमेरिकी टेबलस्पूनपेक्षा जास्त अंतर पडतं. वरून वाकून बघितलं की आणखी चूक होते. जग ओट्यावर सपाट ठेवून डोळा पाण्याच्या रेषेला आणला आणि कडेने चढलेल्या पाण्याकडे न बघता मधली सपाट पातळी वाचली, तरच ते वाचन धरावं. पण अशा रुंद जगात पाव कप दूध मोजूच नये. पाव कपासाठी पाव कपच वापरावा.

मैदा-साखरेच्या ग्रॅमांच्या पट्ट्या निरुपयोगी आहेत. त्या कुठल्या तरी विशिष्ट भरणीवर आखलेल्या असतात आणि आपला मैदा जगात किती बसलाय, हे जगाला कळत नाही. गरम पाक ओतला की साधं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि वाकतं. मग पट्टी आणखी हलते.

काचेचा जग

अर्ध्या लिटरचा, उभट, बोरोसिलिकेट काचेचा घ्या. सात सेंटिमीटर व्यासाला एक मिलिमीटर म्हणजे 4 मिलींहून थोडं कमी, त्यामुळे वाचन जवळपास दुप्पट नेमकं होतं. गरम दूध, पाक, वितळवलेलं लोणी यांना हाच योग्य. रेघा काचेवर पक्क्या भाजलेल्या आहेत का, ते नखाने खरवडून बघा. रंगाच्या रेघा घासणीने काही महिन्यांत जातात. तोटी धारदार असावी, नाहीतर शेवटचे थेंब जगाच्या पोटावरून ओघळतात.

यापेक्षा नेमकं माप हवं असेल, तर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला 250 मिलीचा मेजरिंग सिलिंडर घ्या. ब वर्गाच्या (साध्या अचूकतेच्या) अशा सिलिंडरच्या मापात 2 मिलींपर्यंतची चूक चालवून घेतात. स्वयंपाकाला ती चैनच, पण बाकीची सगळी मापं तपासून घ्यायला एकच सिलिंडर पुरतो.

काटा

या चौघांत सगळ्यात कामाचा. पाच किलो क्षमतेचा आणि एक ग्रॅमचा टप्पा असलेला घ्या. तो बरोबर आहे का, हे खिशातल्या नाण्यांनी कळतं: दहा रुपयांचं नाणं 7.7 ग्रॅमचं, म्हणजे दहा नाण्यांचे 77 ग्रॅम यायला हवेत. 76 किंवा 78 आलं तरी ठीक, 72 आलं तर दुसरा काटा मागा.

यावर ‘मिली’चं बटण असतं आणि इथेच बरेच जण फसतात. काट्याला आकारमान कळत नाही, त्याला वजनच कळतं. मिलीचं बटण दाबलं की तो पाणी (काही काट्यांत दूधही) गृहीत धरून ग्रॅमचाच आकडा मिली म्हणून दाखवतो. त्यावर 237 मिली येईपर्यंत तेल ओतलं, तर भांड्यात 237 ग्रॅम तेल, म्हणजे 258 मिलीच्या आसपास जातं. एका अमेरिकी कपापेक्षा दीड टेबलस्पून जास्त, आणि केक तेलकट. मधाचं उलटं: 237 ग्रॅम मध म्हणजे जेमतेम 167 मिली. तेलाचा अमेरिकी कप 218 ग्रॅमचा आणि मधाचा 340 ग्रॅमच्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवले, की मिलीच्या बटणाला हात लावावा लागत नाही.

द्रव औंसाचं बटण असेल तर तेही तपासा. 250 ग्रॅम पाणी ठेवल्यावर 8.5 च्या जवळ दाखवलं तर अमेरिकी, 8.8 दाखवलं तर ब्रिटिश. वजनाच्या औंसातही 250 ग्रॅम म्हणजे 8.8 च येतात, कारण ब्रिटिश द्रव औंसाची व्याख्याच मुळात एक औंस वजनाच्या पाण्यावर बेतलेली होती.

स्वस्त काट्यांचा आणखी एक दोष: चिमूट चिमूट करत सावकाश टाकलं, की काटा त्या बारीक बदलाला शून्याची हालचाल समजतो आणि मोजतच नाही. मीठ किंवा यीस्ट आधी वाटीत घ्या आणि वाटी उचलून एकदम ठेवा.

केक किलोवर विकत असाल, तर मात्र हा काटा चालणार नाही. विक्रीसाठी वैधमापन विभागाने पडताळून शिक्का मारलेला काटा लागतो.

एका रेसिपीवर करून बघू

चॉकलेट चिप कुकीजचं नेहमीचं अमेरिकी प्रमाण घ्या: सव्वादोन कप मैदा, दोन ‘स्टिक’ (लोण्याच्या अमेरिकी वड्या) लोणी, पाऊण कप पांढरी साखर, पाऊण कप दाबून भरलेली ब्राउन शुगर, दोन अंडी, एक टीस्पून सोडा. मैदा चमच्याने कपात सैल टाकून सपाट केला, तर अमेरिकी कपात 120 ग्रॅम बसतो, म्हणजे सव्वादोन कपांचे 270 ग्रॅम. पांढरी साखर 150 ग्रॅम, ब्राउन 160.

आता हीच रेसिपी 250 च्या कपाने करा आणि कप मैद्याच्या डब्यात खुपसून भरा, जसा बहुतेक घरांत भरतात. मैदा 340 ते 350 ग्रॅमवर जातो. सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्त. कुकीज पसरत नाहीत, लाडवासारख्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या पडतात. या जादा मैद्यातले कप मोठा असल्यामुळे आलेले पंधरा-वीस ग्रॅमच. बाकी सगळा कप खुपसून भरल्यामुळे आलेला. म्हणून नवा कप आणून हात तोच ठेवला, तर काहीही सुधारत नाही. मैदा ग्रॅमवर मोजा. चार कपांचा संच मग सोडा-मीठ सोडून इतर किरकोळ गोष्टींना उरतो.

सगळे जिन्नस कपातलेच असले तर 250 चा कप फारसा छळत नाही, कारण सगळंच सहा टक्क्यांच्या आसपास वाढतं आणि प्रमाण टिकतं. छळ होतो तो कपाबाहेरच्या गोष्टींशी गाठ पडली की. अंडं वाढत नाही, सोड्याचा चमचा वाढत नाही, लोण्याची स्टिक वाढत नाही. अमेरिकी स्टिक 113 ग्रॅमची, अर्ध्या कपाची. आपल्याकडचं पाकीट 100 ग्रॅमचं. दोन स्टिक म्हणजे दोन पाकिटं आणि वर 27 ग्रॅम, साधारण दोन टेबलस्पून. लोणी मीठ घातलेलं असेल तर रेसिपीतलं मीठ वगळा.

बेदाण्यांना कपाचा नाद सोडाच. पिंपळगावकडचे लांब, सुटे बेदाणे सैल भरले तर अमेरिकी कपात 145 ग्रॅमच्या आसपास बसतात आणि चिकट झालेले दाबून भरले तर 165 च्या.

डब्यांवरच्या औंसांतही भेद आहे. कंडेन्स्ड मिल्कचा अमेरिकी ‘14 औंसांचा’ डबा वजनाचा, 397 ग्रॅम. आपला 400 ग्रॅमचा डबा तिथे बिनधास्त घाला. इव्हॅपोरेटेड मिल्कचा (बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाचा) ‘12 औंसांचा’ डबा मात्र आकारमानाचा, 354 मिली.

गॅलनपर्यंतचं

मोठी मापं सोपी आहेत, कारण ती दुपटीने चढतात, अगदी आपल्या चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायलीसारखी. दोन कपांचा पिंट (473 मिली), दोन पिंटांचा क्वार्ट (946 मिली), आणि दोनदा दुप्पट करून चार क्वार्टांचा गॅलन (3.785 लिटर). हा गॅलन 231 घन इंचांचा, 1707 मध्ये इंग्लंडने वाइनसाठी ठरवलेला. इंग्लंडने 1824 मध्ये तो सोडून 4.546 लिटरचा नवा आणला, अमेरिकेने जुनाच ठेवला. आपल्याकडे गॅलन म्हटलं की जुन्या माणसांना साडेचार लिटर आठवतात, ते या ब्रिटिश गॅलनमुळे.

द्राक्षबागायतदारांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. अमेरिकी माहितीपत्रकात ‘100 गॅलनला 8 द्रव औंस’ लिहिलेलं असेल, तर ते 378.5 लिटर पाण्यात 236.6 मिली, म्हणजे दर 100 लिटरला 62.5 मिली. गॅलन साडेचार लिटरचा धरला तर द्रावण एक षष्ठांशाने पातळ पडतं. अर्थात फवारणीची मात्रा आपल्याकडे मान्यता असलेल्या लेबलावरचीच घ्यायची, आणि त्या मापाचा जग स्वयंपाकघरात पुन्हा आणायचा नाही.

खरेदी करताना

स्टीलच्या संचाचा भाव जाडीवर आणि दुकानावर बदलतो. घासाघीस करण्यापेक्षा तीन-चार संच उघडून पाण्याची चाचणी करू देणारं दुकान निवडा. 240 चा संच मिळालाच नाही तर 250 चा घ्या, पण मग अमेरिकी रेसिपीत मोठा कप भरताना दर कपामागे जवळजवळ एक टेबलस्पून काढून टाका (नेमकं सांगायचं तर 13 मिली). भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर बाजारात बसलेले असतात. घरी काट्यावर प्रत्येक कप तपासा, आणि नावाऐवजी तुम्ही मोजलेला मिलीचा आकडा दांड्याच्या मागच्या बाजूला घालून घ्या. दुकानाने कोरलेला आकडा पुढे राहू दे, वापरायचा मागचा.